श्रावणाची पाळी आणि आमुनचं देऊळ

२० जुलै, रविवार

बाबांच्या उजव्या हाताचं प्लास्टर काल बीडला जाऊन काढून आणलं. मी गाडी लावायला जागा शोधत राहिले आणि आत पोचेपर्यंत डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं. बाहेर येता येता बाबा म्हणाले, "अजून म्हैनाभर काईच उचलायचं न्हाई. तांब्यासुदिक न्हाई, म्हणले." आणि खांद्यावरच्या उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला.

तांब्या म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. शुक्रवारी श्रावण लागतोय आणि श्रावणाची पाळी आमच्या घराची आहे.

गावातल्या महादेवाची पूजा आम्हा गुरवांच्या चार घरांकडे आहे. एक महिना एका घराची पाळी, मग तीन महिने मोकळीक. पहाटे गाभारा झाडायचा, अभिषेक, बेल, नैवेद्य, संध्याकाळी दिवा. नियम एकच आहे, पण कडक. पाळीच्या महिन्यात एक दिवसही देव पारोसा राहिला, तर ते घर यादीतून जातं. पूर्वी पाच घरं होती. नाथाअप्पांचं कुटुंब पुण्याला गेलं, एका भाद्रपदात दोन दिवस कुणी आलंच नाही, तेव्हापासून चार.

बाबांच्या मागे मी एकटीच. बाबांचे चुलतभाऊ सुंदररावकाका, चारांतलंच एक घर त्यांचं, वर्षभर एकच टुमणं लावून आहेत, "आश्रुभाऊ, पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. आत्ताच आमच्या अंगदच्या नावानं पाळी करून टाका." अंगद म्हणजे त्यांचा मुलगा. त्याचं चौसाळ्यात मोबाइलचं दुकान आहे.

संध्याकाळी बाबा डाव्या हाताने चहा पीत म्हणाले, "या खेपेला तू कर."

"मी? अख्खा श्रावण?"

"का? तुला बी हात न्हाईत का?"

आई भाकरी थापता थापता हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

खरं तर माझा श्रावण आधीच दिलेला आहे. सोळा ऑगस्टला आमचा मॉड प्रसिद्ध व्हायचाय. आमचा म्हणजे माझा आणि चैतालीचा. कॉलेजपासूनची मैत्रीण, वडवणीची, घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करते. राज्यं चालवायचा एक मोठा खेळ आहे, जगभर लोक संगणकावर खेळतात. त्यात कुणीही आपली भर घालू शकतं, त्या भरीला मॉड म्हणायचं. आम्ही त्यात प्राचीन इजिप्त घालतोय. राजा कसा राज्य करायचा, देवळांचे पुजारी त्याच्याशी कसे वागायचे, हे सगळं. इतिहास माझा, कोड बरंचसं तिचं. फोरमवर तारीख जाहीर करून बसलोय.

चैतालीला फोन केला. म्हणाली, "वा! म्हणजे आता प्रत्यक्ष पाहणी."

२५ जुलै, शुक्रवार

पहिला दिवस. चारला उठले. तांब्या हातातून दोनदा निसटला. दुसऱ्यांदा नंदीवर.

दुपारी चौसाळ्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवताना उभ्या उभ्या डुलकी लागली. मुलांना वाटलं, मी विचार करतेय.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. गर्दी चौसाळा फाट्यापर्यंत. शेजारच्या मंजुळाबाई गाभाऱ्याच्या दारात थांबून माझ्याकडे बघत राहिल्या.

"आश्रुबा न्हाई का?"

"हात मोडलाय त्यांचा. त्यांच्या नावाने मीच करतेय."

"मग अंगारा कोण देनार?"

"मीच देते की."

"ऱ्हाऊ दे. आश्रुबा बरा झाला की नेते."

रात्री जेवताना हे सांगितलं तर बाबांनी लोणचं मागितलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला निघेना, आईलाही निघेना. बाबांनी एका झटक्यात काढलं. डाव्या हाताची ताकद किती वाढलीय! एक हात अधू झाला की दुसरा जोर धरतो, असं वाचलं होतं ते खरं असावं. उजव्याला मी रोज तिळाचं तेल चोळते. "आता कसं वाटतंय?" विचारलं की म्हणतात, "आखडलाय गं लई."

३१ जुलै, गुरुवार

आज देवळाच्या ओट्यावर बसून वाचताना मोठ्याने हसले, भाविक दचकले. इजिप्तच्या देवळांतले बहुतेक पुजारी कायमचे नसायचे. त्यांचे गट असत. एक गट एक महिना सेवा करी, मग आपापल्या घरी, शेतावर, कारकुनीवर परत. मग पुढचा गट. गट किती? चार! आणि त्याआधीच्या जुन्या काळात? पाच! कोण पुण्याला गेलं असेल कुणास ठाऊक.

देवापुढे ठेवलेलं अन्न नंतर पुजाऱ्यांच्या घरी जायचं, तेही तसंच. फक्त ते अंगावरचा केस न् केस काढत. बाबांना हे सांगितलं तर मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगलं हाय, आपण हितं जलमलो."

पण यातून मॉडची पंचाईत झालीय. आम्ही राजा आणि पुजारी यांच्यात नुसती रस्सीखेच ठेवली होती. एक पट्टी, तिचं एक टोक राजाचं आणि दुसरं त्यांच्या आमुन देवाच्या देवळाचं. जगातल्या सगळ्या खेळांत असंच असतं, पुजारी म्हणजे कटकारस्थानं करणारा एक टकलू गठ्ठा. गेले सात दिवस मी पुजारी आहे. मला अजून एकही कारस्थान सुचलेलं नाही. झोप सुचते.

चैतालीला म्हटलं, ही पट्टी काढून टाकू. प्रत्येक देवळाला चार घरं देऊ. पाळी असेल तेव्हा घराकडे मान आणि नैवेद्य, नसेल तेव्हा शेती. राजाला पुजाऱ्यांशी नाही, घरांशी निभावून न्यायचंय.

"प्रसिद्ध व्हायला सोळा दिवस राहिलेत," ती म्हणाली.

"माहितीये."

"आमच्या घरात देवच न्हाईत म्हणून बरंय. नाहीतर पुजारणीला शिव्या द्यायला भीती वाटली असती."

चार मिनिटांनी तिचा निरोप आला : सुरू केलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

दुसरा सोमवार. तांब्याची धार आता तुटत नाही.

इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर पूजा करताना फक्त राजा कोरलेला असतो. हजारो देवळं, हजारो पुजारी, पण चित्रात पुजारी जवळजवळ नाहीच. कारण खरा पुजारी एकच, राजा. बाकीचे सगळे त्याच्या नावाने उभे. मॉडमध्ये हे दाखवायचं म्हणजे राजा दूर लढाईवर असला तरी प्रत्येक पूजेचं पुण्य त्याच्या खात्यावर जायला हवं. चैताली म्हणाली, "म्हणजे कष्ट एकाचे आणि फोटो दुसऱ्याचा." मी म्हटलं, अगदी तसंच.

बाबा दुपारी पारावर बसून लोकांना सांगत होते, श्रावण कसा झकास चाललाय.

७ ऑगस्ट, गुरुवार

अडचण आली. मला हिशेब लक्षातच नव्हता. पहाटे आईला उठवलं आणि रडू फुटलं. बाबांचा हात असा, आणि नियम तसा. आता पाळी मोडणार, घर यादीतून जाणार, तेही माझ्यामुळे. आईला मात्र कसली घाई नाही. म्हणाली, "बाप करतोय की. तू झोप."

"एका हाताने?"

"महादेव सांभाळून घेतो."

बाबा अंधारातच गेले. सात वाजता परत आले तेव्हा उपरण्याची गाठ आधीपेक्षा सैल होती, म्हणजे हाताला बराच ताण पडला असणार. मी बाहेरच्या ओट्यावरून डोकावले. पिंडीवर बेलाची काय सुंदर रास रचली होती! पानाला पान. मला दोन हातांनी जमत नाही तशी. चाळीस वर्षांची सवय म्हणजे काय चीज असते.

१० ऑगस्ट, रविवार

चैताली सकाळच्या एसटीने आली. येताच म्हणाली, "तुझे बाबा झाडावर दिसले."

"कुठल्या?"

"ओढ्याकडच्या बेलाच्या."

"झाडाखाली असतील. आजचा त्यांचा पूजेचा शेवटचा दिवस, उद्यापासून मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईने धपाट्यांचं ताट पुढे केलं आणि आईसुद्धा तिच्याकडे बघत राहिली. चैताली गुपचूप जेवायला लागली. तिला आईचा धाक कॉलेजपासून आहे.

दुपारभर वारसाहक्कावर काम केलं. मी तिला सहराज्य समजावून सांगितलं. इजिप्तचे काही राजे वारसाला आपल्या हयातीतच गादीवर बसवत. दोघंही राजे. पोराला काम येतं आणि राजा गेल्यावर कुणी भाऊबंद उठून म्हणू शकत नाही, हा कोण?

चैताली म्हणाली, "म्हणजे राजा आजारी पडला की?"

"छे! आजारी पडल्यावर उपयोग काय? तेव्हा लोक म्हणतात, म्हाताऱ्याला कळत नव्हतं. राजा धडधाकट असतानाच हे करायचं असतं. तीच तर सगळी युक्ती आहे."

ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई. तू हुशार हायेस."

जाताना बाबांना म्हणाली, "काका, हाताला जपा."

बाबा म्हणाले, "तू बी तोंडाला जप." विचित्र निरोप. पण दोघं खुशीत होते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

चैतालीने शंभर वर्षांचा खेळ आपोआप चालवून बघितला. संध्याकाळी फोन.

"घरं मरतायत. ऐंशी वर्षांत थीब्ज शहरातल्या देवळात चारातलं एकच घर उरलं."

"रोगराई जास्त ठेवलीयेस का?"

"रोगराई न्हाई. हे बघ, एका पुजाऱ्याला तीन पोरी, घर बाद. दुसऱ्याला एक पोरगी, घर बाद. तू वारसात लिहिलंयस, फक्त मुलगा. कुठल्या पुस्तकातनं घेतलंस?"

मी पुस्तकं चाळायला लागले. सापडेना. उलट जुन्या काळात हाथोर देवीच्या पुजारिणी म्हणून शेकडो बायकांची नावं थडग्यांवर आहेत. पुढे खुद्द आमुनच्या देवळात राजाच्या मुली मोठ्या अधिकारावर बसत. हे सगळं माझ्याच टिपणात होतं, माझ्याच अक्षरात.

"पुस्तकातून नाही," मी म्हणाले. "असंच लिहिलं गेलं. विचारच केला नाही."

"आणि लिहिताना बसली कुठं होतीस?"

मी सांगितलं, "देवळात. दिवा लावून झाल्यावर."

ती या वेळी हसली नाही. "दुरुस्त करते," एवढंच म्हणाली.

एका ओळीचा बदल होता. पुन्हा शंभर वर्षं चालवलं. चारही घरं उभी राहिली.

१६ ऑगस्ट, शनिवार

मॉड प्रसिद्ध झाला. तारीख पाळली. सकाळी अभिषेक, दुपारी क्लास, मधल्या वेळात जगाला इजिप्त.

१८ ऑगस्ट, सोमवार

नऊशे जणांनी उतरवून घेतला. कुणीतरी तक्रार केलीय की या मॉडमधले पुजारी पूजा अर्ध्यात सोडून घरी गाय व्यायली का बघायला जातील असे वाटतात. चैतालीने ते वाक्य मॉडच्या पानावर सगळ्यात वर लावलं.

आज मंजुळाबाई आल्या. आश्रुबा कुठंय वगैरे काही नाही. "बाय, सुनेसाठी अंगारा दे. अन् जरा जास्त दे, ती लई तापट हाय."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. काका बैल घेऊन देवळाला फेरी मारायला आले. बैलांना झुली, काकांना नवा फेटा. मला म्हणाले, "चांगली केलीस हं पूजा." मग बाबांकडे वळून म्हणाले, "पण आश्रुभाऊ, मधी चार दिवस देव पारोसा होता म्हणतेत."

"कोण म्हणतंय?"

"लोकं. रविवारी बैठकीत बोलू."

रविवारी पाळी पुढच्या घराला सोपवायची, तेव्हा चारही घरं सभामंडपात बसतात आणि वहीत नोंद होते. काकांचा डाव मला आत्ता दिसतोय. त्या चार दिवसांत पहाटे अंधारात बाबा गेले, कुणीच पाहिलं नाही. आणि तांब्यासुद्धा उचलवत नाही, असं बाबांनीच महिनाभर गावाला ऐकवलंय. आता कोण म्हणेल त्यांनी अभिषेक केला?

महिन्यापूर्वी वाटत होतं, गेली पाळी तर गेली, सकाळची झोप तरी मिळेल. आता तसं वाटत नाही. पंचवीस पहाटे मी त्या दारातून आत गेलेय. ते दार अंगदचं झालेलं मला चालणार नाही. बाबांना म्हटलं, आपण हरणार. ते म्हणाले, "तू झोप गं."

२४ ऑगस्ट, रविवार

सविस्तर लिहिते.

सकाळी नऊला बैठक. चारही घरांतली वीसेक माणसं, मधोमध पाण्याने भरलेली तांब्याची मोठी घागर आणि गाभाऱ्याची किल्ली. भाद्रपदाची पाळी शिवशंकरआजोबांची. ते वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून वहीही त्यांच्याकडे.

काकांनी सुरुवात गोड केली. "पोरीनं केलं त्याला आमचं काय म्हणनं न्हाई. पण मधी चार दिवस तिला अडचण होती, ती आत गेली न्हाई. बरुबर का, संस्कृती?"

"बरोबर," मी म्हणाले.

"मग केलं कोणी?"

"म्या," बाबा म्हणाले.

"कोणत्या हातानं?" काकांनी सगळ्यांकडे बघितलं. "तांब्या उचलंना म्हणून समद्या गावाला सांगितलं तुमी. मग धार कशी धरली? का पाळी मोडली?"

मला वाटलं, संपलं.

बाबा उठले. गळ्यातलं उपरणं काढलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. मग वाकून ती भरलेली घागर उचलली, दोन्ही हातांनी, छातीपर्यंत, आणि नेऊन काकांच्या पुढ्यात ठेवली. थेंब सांडला नाही.

"ह्या हातानं," ते म्हणाले. "अन् ह्या बी."

आधी शिवशंकरआजोबा हसले, मग मंडपच हसला. मी हसले नाही. मी महिनाभर त्या हाताला तेल चोळलंय.

काका लालबुंद. "हात बरा होता, तर पोरीला कावून बसवलं?"

"बरा व्हता म्हणूनच बसवलं. म्या मेल्यावर ती बसली असती तर तूच म्हणला असतास, हिला कोणी बसवलं? आता समद्यांनी बघितलं. म्या बसवलं, माझ्या डोळ्यादेखत. तिनं केलं बी."

"देवाला फसवलं तुमी!"

"देवाला ठावं व्हतं. म्हैनाभर बेल तोडून कोण आणत व्हतं, त्यानं बघितलंय. फसली ती माझी लेक. केसर, तू सांग."

आई खांबाला टेकून म्हणाली, "ती त्या इजिप्तात व्हती. तिला काय दिसतंय?"

मग चैतालीचं हसणं, धपाट्यांचं ताट, झाडावरचे बाबा, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. लाज वाटली, राग आला, आणि एक तिसरंच काहीतरी, ज्याला नाव सापडत नाही.

काका सहज हरणारे नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "ऱ्हाऊ द्या बापाचं. तू सांग, बाई. तुला करायची हाय का पाळी? का बापानं ढकललं म्हणून केली?"

एवढ्या महिन्यात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, आईनेही नाही. विचारलं ते काकांनी, आणि तेही मला अडवायला. आमच्या मॉडमध्येही वारसाला कुणी विचारत नाही, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवलं.

"पहिला आठवडा ढकललं म्हणून केली," मी म्हणाले. "आता करायची आहे."

"अन् लगीन झाल्यावर?"

"कुठे राहीन ते आज सांगता येत नाही. पाळीला येईन. नाही आले, तर यादीतून काढा. नाथाअप्पांना जो नियम, तोच मला. आणि माझ्या अडचणीचे चार दिवस अंगदने करावेत. त्याच्या पाळीतले कुठलेही चार दिवस मी करीन."

काकांनी अंगदकडे पाहिलं. "सांग तिला, न्हाई म्हणून."

अंगद म्हणाला, "मला एकच पाळी जड जातीय, अण्णा. तुमी दोन गळ्यात घालायला निघालाव. ताई, मला चालतंय. माझे शनिवार-रविवार घे, दुकानात गर्दी असती."

पुन्हा हशा. काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, म्हणजे त्यांचं बोलून झालं. शिवशंकरआजोबांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि आश्रुबाचं घर याच्यापुढे माझं नाव लिहिलं. पुढची पाळी मार्गशीर्षात.

मग ते किल्ली घेऊन गाभाऱ्यात गेले. सोपवण्याआधी सगळं तपासून घ्यायची रीत आहे. आतून त्यांचा आवाज आला, चिडलेला.

"समई गळतीय! म्हैनाभर दिवा लावला, डाग द्यायचं सुचलं न्हाई?"

बाबा सवयीने पुढे झाले. "आजा, ते काय झालं..."

"तू बस, आश्रुबा," आजोबा दारात येऊन म्हणाले. "जिची पाळी, तिला इचारतोय."